नालाकृती मूत्रपिंड आणि महाधमनीचा फुगवटा: पोट उघडावे की स्टेंट-ग्राफ्ट?

राजारामपुरीतील एका स्नेह्यांच्या वडिलांच्या महाधमनीचा (पोटातील मुख्य रक्तवाहिनीचा) फुगवटा साडेपाच सेंटिमीटरांपुढे गेला आहे, आणि त्यांची दोन्ही मूत्रपिंडे खालच्या टोकांना जोडलेली, घोड्याच्या नालेसारखी आहेत. त्यामुळे पोट उघडून शस्त्रक्रिया करावी की स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे फुगवट्याला आतून अस्तर देणारी जाळीदार नळी, बसवावा यावर घरात दोन मते पडली आहेत.

खरा पेच रक्तपुरवठ्याचा आहे. अशा मूत्रपिंडाला बहुधा जादा धमन्या असतात आणि त्यांतील काही थेट फुगवट्यातूनच निघतात. जांघेतून सरकवलेला स्टेंट-ग्राफ्ट जोडपट्टीला (दोन्ही मूत्रपिंडांना जोडणाऱ्या, महाधमनीच्या पुढून जाणाऱ्या भागाला) धक्का लावत नाही आणि रुग्ण लवकर घरी येतो, परंतु त्याखाली झाकल्या गेलेल्या धमनीवर जगणारा मूत्रपिंडाचा भाग निकामी होतो. उघड्या शस्त्रक्रियेत डाव्या कुशीतून, उदरपोकळीच्या पडद्यामागून गेल्यास जोडपट्टी बहुधा न कापता महाधमनी गाठता येते, आणि मोठी जादा धमनी कृत्रिम नळीला जोडून वाचवता येते. मात्र हृदयावर ताण मोठा पडतो, सावरायला काही महिने जातात.

खर्चात स्टेंट महाग, शिवाय आयुष्यभराचे स्कॅन. हा हिशेब घरचे सहसा विसरतात.

हृदय वा फुप्फुसे कमकुवत आणि जादा धमन्या बारीक असतील, तर स्टेंट बरा. प्रकृती धडधाकट असून मोठी धमनी फुगवट्यातूनच निघत असेल, विशेषतः क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) आधीच वाढलेले असेल, तर माझा कौल उघड्या शस्त्रक्रियेला.