नेतृत्वाच्या मानसशास्त्रावरची दोन दिवसांची कार्यशाळा : एका सुपरवायझरचा अनुभव

सातपूर एमआयडीसीत मशीन शॉपचा सुपरवायझर म्हणून मला 12 वर्षं झाली. कंपनीने आम्हा सहा जणांना या कार्यशाळेला पाठवलं. माणशी 6,500 रुपये फी, नाशिकमध्येच, एकूण 22 जण. शिकवणाऱ्या मॅडमनी स्वतः कारखान्यात नोकरी केलेली आहे, आणि ते त्यांच्या प्रत्येक उदाहरणात जाणवतं.

मी गेलो तेव्हा मनात एक जुनी गोष्ट सलत होती. गेल्या वर्षी एका लॉटचे 140 नग रिजेक्ट झाले, बोअरची, म्हणजे भोकाची, जागाच सरकलेली. फिक्स्चरचा, म्हणजे नग धरून ठेवणाऱ्या साच्याचा, क्लॅम्प ढिला पडतोय हे ट्रेनी मुलाला पहिल्या तासातच दिसलं होतं. का बोलला नाहीस विचारलं तर म्हणाला, "सर, सकाळी तुम्हीच म्हणालात ना, सेटिंग ओके आहे, चालू द्या." तेव्हा मी त्याला खूप बोललो होतो.

पहिल्या दुपारी मॅडमनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. कुणाला 10 आकडा आला, कुणाला 65. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांतले किती टक्के देश आफ्रिकेतले? चिठ्ठीचा प्रश्नाशी काडीचा संबंध नाही, तरी 65 वाल्यांची उत्तरं बरीच वर गेली. हा ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांचा 1974 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यांच्याकडे चाक फिरवत, आणि ते 10 किंवा 65 वरच थांबेल अशी सोय केलेली होती. 10 वाल्या गटाचा मधला अंदाज 25 आला, 65 वाल्यांचा 45. मला लगेच आमची मीटिंग आठवली. नवीन पार्टला सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, किती लागेल हे विचारताना मी आधीच "आठ मिनिटं धरू" म्हणतो, आणि मग सगळे साडेसात ते नऊच्या मध्येच घुटमळतात.

त्यानंतर अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाची गोष्ट झाली. 27 जानेवारी 1986 च्या रात्री इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत रबरी रिंगा नीट बसणार नाहीत, उड्डाण नको. वरिष्ठांनी निर्णय फिरवला. दुसऱ्या दिवशी 73 सेकंदांत सात जण गेले. हॉलमध्ये कुणी हललं नाही. इंजिनिअर बोलले तरी ऐकलं गेलं नाही, आणि आमच्याकडे तर पोरगं बोललंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची दुपार मात्र मला पटली नाही. फॉर्म भरून प्रत्येकाला लाल, निळा असा स्वभावाचा रंग दिला. चहाच्या वेळेपर्यंत लोक एकमेकांना "तू लालच आहेस" म्हणायला लागले. एका फॉर्मवरून माणसावर शिक्का मारणं धोक्याचं आहे, त्यातून उद्या कुणाला मशीन द्यायचं नाही हे ठरेल. तोच वेळ 'काम फसलंय असं आधीच धरून कारणं लिहा' या मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांच्या पद्धतीला द्यायला हवा होता. तिला जेमतेम 40 मिनिटं मिळाली, आणि तेवढ्यातही आमच्या गटाने नवीन फिक्स्चर फसण्याची सात कारणं काढली. स्लाइडही सगळ्या इंग्रजीत. आमचे मोठे साहेब दीपप्रज्वलन करून गेले, त्यांनी बसायला हवं होतं.

आता सकाळच्या मीटिंगमध्ये मी शेवटी बोलतो. सुरुवात ट्रेनीपासून. पहिले आठ दिवस सगळे गप्प, माझ्याकडे बघत. मग तोच मुलगा म्हणाला, "सर, तीन नंबरच्या मशीनला आवाज येतोय." बघितलं तर स्पिंडलचं बेअरिंग जात होतं.

रजिस्टरात तक्रारी वाढल्या म्हणून मॅनेजरांनी मला बोलावलं. मी त्यांना संशोधक एमी एडमंडसन यांचा हॉस्पिटलमधला अभ्यास सांगितला : चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदल्या जात होत्या, कारण तिथले लोक त्या लपवत नव्हते. त्यांनी रजिस्टर ठेवून घेतलं आणि पुढची बॅच कधी आहे ते विचारलं.