थकीत गहाण कर्ज: सरफेसी की १०१?

कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेचे संचालक पेचात आहेत. गहाणखत हातात, हप्ते बंद. आता काय लावायचं: सरफेसी, म्हणजे कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा केंद्राचा कायदा, की महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम १०१?

राजारामपुरीतला फ्लॅट असेल तर सरफेसीच. ६० दिवसांची नोटीस, मग ताबा. कर्जदार अडून बसला तर कलम १४खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो, हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली ठरवलं, तेही आपल्या मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात!

कागलकडची उसाची जमीन गहाण असेल तर मात्र सरफेसी चालत नाही. तिथे १०१चा वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा सहकारी संस्थांच्या निबंधकांचा आदेश. निबंधकांपुढे सुनावणी होते खरी, पण जामीनदाराच्या पगारापर्यंत हात पोचतो. शिवाय कर्जदाराला दाखल्याविरुद्ध रिव्हिजनला (फेरतपासणीला) जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. पतसंस्थांना तर १०१च. सरफेसी त्यांच्यासाठी नाही.