वावराच्या राखणीला काय घ्यावं: परवान्याची बंदूक की झटका मशीन?

हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं एका रात्रीत अर्धा एकर उलथून जातात. रोही, म्हणजे नीलगाई, दिवसाढवळ्या तुरीचे शेंडे खुडतात. मग धुऱ्यावर बसून हिशेब सुरू होतो. कोणी म्हणतो बंदुकीचा परवाना काढू, कोणी म्हणतो वावराभोवतीच्या तारेत विजेचा झटका सोडणारी मशीन बसवू. पैसे दोन्हीकडे लागतात, म्हणून दोन्हींचं काम आधी वेगळं करून पाहिलं पाहिजे. बंदुकीने कळपातलं एखादं डुक्कर कमी होतं. उरलेला कळप आठवडाभर शेजाऱ्याच्या वावरात चरतो आणि परत येतो. तारेने डुक्कर मरत नाही, पण चालू आणि साफ ठेवली तर कळप त्या रात्री आत येत नाही.

बंदूक घ्यायची, तर कोणती

रिव्हॉल्वर आधी बाजूला ठेवू, कारण ‘कमरेला लावून जागलीला (रात्रीच्या राखणीला) जाता येते’ म्हणून तिच्यावर अनेकांची नजर असते. आपल्याकडे परवान्यावर प्रामुख्याने मिळते ती .३२ बोअरची, तीन-चार इंची नळीची. तिच्या गोळीचा जोर साधारण १५० ज्यूल. .३१५ रायफलीच्या गोळीचा जोर ३,००० ज्यूलच्या आसपास, म्हणजे वीसपट. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर चिवट कातडीचा जाड थर असतो. .३२ची गोळी तिथे लागली तर आतल्या हृदय-फुप्फुसापर्यंत पोचेल याचा भरवसा नाही. दोनशे किलोच्या रोह्याबद्दल तर बोलायलाच नको. त्यात नळी आखूड असल्याने नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर कमी. हात केसभर हलला तरी तीस पावलांवर गोळी वीतभर बाजूला जाते, आणि अंधारात हात हलतोच.

अमेरिकेत रिव्हॉल्वरने हरणं-डुकरं मारणारे शिकारी आहेत, त्यांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. त्यांच्या हातात .४४ मॅग्नम किंवा त्याहून जोरदार, लांब नळीचं, बऱ्याचदा वर दुर्बीण बसवलेलं हत्यार असतं. त्याचा जोर हजार ज्यूलच्या वर. तरीही ते हात टेकवल्याशिवाय आणि जनावर जवळ आल्याशिवाय घोडा ओढत नाहीत. ती गोष्ट .३२ला लावू नका. जखमी होऊन नाल्याच्या झुडपात शिरलेलं डुक्कर दुसऱ्या दिवशी सकाळी वेचणीला आलेल्या बाईच्या अंगावर जातं.

रायफलीचा जोर पुरतो, पण ती गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाते. आपली वावरं सपाट, आणि रात्री चार वावरं सोडून कोणी ना कोणी जागलीला किंवा ओलिताला असतंच. रायफल चालवायची तर मचाणावरून, खालच्या दिशेने, गोळी जनावरामागच्या मातीत जाईल अशीच.

उरली बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची गुळगुळीत नळीची बंदूक. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी आधी भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या, बंदुकीचा उल्लेख आहे. भरमार पुरणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान वीस इंची नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. पिकासाठी अर्ज करणाऱ्याने रिव्हॉल्वर किंवा रायफल मागण्यापेक्षा हीच वाट धरावी. भरमारीत एक बार गेला की पुन्हा दारू ठासेपर्यंत जनावर धुऱ्यापार, आणि पावसाळ्यात दारू ओली होते ती वेगळीच. बारा बोअरच्या एलजी (मोठ्या) छऱ्यांचा भरवसा तीस-पस्तीस मीटरपर्यंत. त्यापुढे छर्रे पसरतात, एखाद-दुसराच लागतो आणि जनावर जखमी होऊन पळतं. एकाच जड गोळीचं काडतूस असेल तर पन्नास मीटरपर्यंत चालतं. नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, आणि जनावर आडवं उभं असतानाच. समोरून येणाऱ्या डुकराच्या कपाळावर बार टाकू नये, हाड तिरपं असतं.

कागदाची बाजू

इथेच बहुतेकांची गफलत होते. पीक संरक्षणाचा शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि रानडुक्कर, रोही दोन्ही त्याच्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायचं तर कलम ११ खाली लेखी परवानगी लागते, त्यासाठी अर्ज वनक्षेत्रपालाकडे. परवानगीत जनावर, गट क्रमांक आणि मुदत काय लिहिली आहे ते वाचा. डुकराच्या कागदावर चितळ पडलं तर तो सरळ गुन्हा. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असते. ते घरी न्यायचं नाही, कापायचं नाही, वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यायचा.

बंदूक ज्याच्या नावावर, त्याच्याच हातात. राखणदाराला ‘आज रात्री तू जा’ म्हणून दिली तर दोघंही अडकतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे, पण निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो. निवडणूक नेमकी हरभऱ्याच्या दिवसांत आली तर बंदूक तिकडे आणि डुकरं इकडे.

झटका मशीन: सामान आणि मांडणी

पाच एकराचं वावर धरू, परिघ साधारण ६०० मीटर. दर ५ मीटरला खांब, म्हणजे १२० खांब. बांबू किंवा बल्ली चालते, पण कोपऱ्याचे चार खांब पक्के आणि तिरप्या टेकूचे हवेत, कारण सगळा ताण त्यांच्यावर येतो. फक्त डुकरांसाठी तीन तारा: जमिनीपासून ६ इंच, १४ इंच आणि २ फूट. रोहीही असतील तर साडेतीन आणि पाच फुटांवर आणखी दोन. पाच तारांना ३ किलोमीटर तार लागते. २ मिलिमीटर जाडीची जीआय (जस्त चढवलेली) तार घेतली तर वजन सुमारे ७४ किलो, इन्सुलेटर ६००. तीनच तारा असतील तर ४५ किलो आणि ३६०.

खालच्या तारेची उंची चुकली की सगळं वाया. डुकराच्या अंगावर राठ केस असतात, पाठीला तार घासली तर झटका नीट बसत नाही. नाक मात्र ओलं आणि उघडं. उकरत येणाऱ्या डुकराचं नाक सहा इंचांच्या तारेला भिडतं, तेव्हा ते मागे उडी मारतं. तीच तार एक फुटावर बांधली तर डोकं खालून आत जातं, झटका मानेमागे बसतो आणि डुक्कर दचकून पुढेच, म्हणजे वावरात पळतं. नाल्याच्या उतारावर, चाकोरीच्या खोलगटात हे अंतर नेहमी बिघडतं. तिथे एक जादा खुंटी ठोकून तार खाली ओढून घ्या.

रोह्याला तार दिसली पाहिजे. वरच्या तारेला दर दहा फुटांवर पांढऱ्या पोत्याची पट्टी बांधा, नाहीतर तो पळतापळता तार तोडून जातो.

मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते, बॅटरी सौर पॅनेलवर भरते. दर सेकंद-सव्वा सेकंदाला एक ठोका. व्होल्ट हजारांत, पण सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरते, म्हणून माणूस मरत नाही. घेताना आयईसी ६०३३५-२-७६ या अशा मशीनच्या सुरक्षेच्या मानकाची खूण आहे का ते पाहा.

मशीन कमजोर निघाली अशी तक्रार असते, तेव्हा दोष बहुतेकदा अर्थिंगचा निघतो. पाच-सहा फुटांचे तीन जीआय पाइप, एकमेकांपासून दहा फुटांवर, पूर्ण ठोकलेले हवेत. काळी माती फेब्रुवारीनंतर भेगाळते, पाइपाभोवती पोकळी पडते आणि झटका निम्म्यावर येतो. आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. कोरडवाहूत तेही जमत नसेल तर एकाआड एक तार थेट अर्थिंगला जोडा, म्हणजे जनावर दोन तारांना एकदम भिडलं की झटका मातीवर अवलंबून राहत नाही. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत हा त्रास नसतो, तिथे चिखलच अर्थिंग करतो. त्रास गवताचा असतो.

गवत म्हणजे मशीनचा खरा शत्रू. श्रावणात खालच्या तारेला ओलं गवत टेकलं की वीज तिथेच उतरते. दर दहा-बारा दिवसांनी तारेखालचा दोन फुटांचा पट्टा साफ करायला माणूस लागतो. हा खर्च विकणारा सांगत नाही. मृगाच्या कडकडाटात तारेची जोडणी सोडून ठेवा. बॅटरी चोरीला जाते, म्हणून लोखंडी पेटीत कुलूपबंद.

तारेत घरगुती २३० व्होल्ट सोडणं हा स्वस्तातला पर्याय नाही. त्याने विदर्भात वाघ मेले आहेत, आणि पहाटे स्वतःच्याच धुऱ्यावर गेलेले शेतकरीही. माणूस मेला तर वीजचोरीच्या जोडीला सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो.

कोणी काय घ्यावं

पाच-दहा एकर एका गटात, हरभरा, तूर, भुईमूग किंवा मका: मशीन. खरेदीआधी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेच्या यादीत गाव आहे का ते वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारा, त्यात सौर कुंपणाला अनुदान आहे. वावर तीन तुकड्यांत विखुरलं असेल तर एकट्याचं कुंपण महाग पडतं. शेजाऱ्यांनी मिळून बाहेरून एकच घेर घातला तर खांब बरेच कमी लागतात, फक्त गवत काढायच्या पाळ्या आधी ठरवा.

नुसती पऱ्हाटी (कपाशी) असेल तर दोन्हींची घाई नको, डुकरांचा त्रास तिथे कमी.

बंदूक तेव्हा, जेव्हा कळप वावरालगतच्या झुडपी नाल्यातच मुक्कामाला आहे, तारेखालून जायला शिकलेला एखादा मोठा नर सगळ्यांना वाट दाखवतो आहे, आणि गावात परवानाधारक, सराव असलेला, वन खात्याची परवानगी हातात असलेला माणूस आहे. त्या एका नरापुरती बंदूक उपयोगाची. त्यासाठी नवा परवाना काढायला निघालात तर कागद फिरेस्तोवर हंगाम सरलेला असेल.

मशीन पीक खायच्या अवस्थेला येण्याआधी पंधरा दिवस चालू करा. घाट्याची चव लागलेलं डुक्कर एक-दोन झटके सोसून आत घुसतं. आणि तारेतले व्होल्ट मोजायचा टेस्टर मशीनजवळ लावू नका. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यावर, खालच्या तारेला लावा. तिथे पाच हजारांच्या खाली आकडा दिसला तर त्याच संध्याकाळी गवत आणि अर्थिंग पाहा.