नऊ महिने, एक क्यू आणि पाच टिपा

ही स्नूकरची क्यू, म्हणजे खेळायची काठी. लाकूड, वजन, लांबी हे सगळं विक्रीच्या पानावर आहे, ते परत लिहीत बसत नाही. ॲशची तीन-चतुर्थांश क्यू (जोड तीन-चतुर्थांश लांबीवर), साडेनऊ मिलिमीटरची टिप (टोकाची चामडी टोपी), पितळी फेरूल (टिपेखालचं कडं). डिसेंबरात 7,200 रुपयांना घेतली. घरी 3,000 सांगितलेत, तेव्हा ओळखीचं कुणी वाचत असेल तर तोंड बंद ठेवा.

घेतली का, ते आधी. सांगलीतल्या आमच्या क्लबात भिंतीला ज्या काठ्या असतात, त्यातली कुठलीही टेबलावर लोळवून बघा, होडीसारखी डुलते. आणि आमच्यात हरेल त्यानं टेबल भरायचं, तासाला 160. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो, महिन्याला दोन-अडीच हजार टेबलावर घालणं परवडत नाही. चार वर्षं वाकड्या काठीला दोष दिला. म्हटलं एकदाची आपली काठी घेऊ, म्हणजे निमित्तच संपलं.

पहिले चार महिने झकास गेले. एक डोळा मिटून बघितलं की लाकडाच्या रेषांचे बाण एकामागं एक टिपेकडं गेलेले दिसतात, त्यावरच निम्मा नेम लागतो. काळ्या बॉलवर स्क्रू (उलटी फिरकी) मारला की पांढरा असा माघारी येतो, जणू पिशवी विसरली होती. फेब्रुवारीत 34 चा ब्रेक (एका खेपेत सलग केलेले गुण) झाला, माझा आजवरचा सगळ्यात मोठा. पूर्ण 147 करणाऱ्यांनी हसू नये. फक्त दिवसा हळद आणि रात्री निळा चॉक, त्यामुळं शर्टाच्या बाहीवर हिरवा डाग पडतो, तो जात नाही. तो क्यूचा दोष धरत नाही.

आता टिप. एप्रिलात टेबलावर गुलाबी (सहा गुण) आणि काळा (सात) उरलेले, समोरचा सात गुणांनी पुढं. दोन्ही घेतले की फ्रेम, म्हणजे डाव, माझी. चॉक लावला, मारला, आणि 'टक्' ऐवजी 'खट्' आलं. पांढरा गुलाबीला न शिवताच कोपऱ्याच्या पॉकेटात गेला आणि मागून टिप घरंगळत ब्राऊनच्या ठिपक्यापाशी जाऊन थांबली. सहाचा फाउल, टेबलाचे पैसे माझ्याकडं, आणि टिपांचा डबा उघडत क्लबचा मार्कर (टेबलं सांभाळणारा) म्हणतो, "शंभर होतील."

शंभर दिले. तीन आठवड्यांनी तीही निघाली. मग तिसरी. जूनमध्ये पाऊस लागला आणि चौथी तर सरावातच गेली. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की टिप ही झिजणारी वस्तू, वॉरंटीत बसत नाही. मी लिहिलं, झिजली कुठं, अख्खीच्या अख्खी निघालीय, फोटो बघा. त्यावर, क्यू पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चानं, तपासून कळवू. सांगलीतून कुरिअरवाला जायचे 480 मागतो. चार टिपा आणि चिकटवायचे पैसे धरून तोवर 400 गेले होते. असे चार-पाच मेल झाले, प्रत्येकाच्या खाली 'आपला दिवस आनंदाचा जावो'.

इथवरचं जूनअखेर लिहून ठेवलं होतं, एक तारा देऊन. टाकायचं राहिलं ते बरं झालं.

एक गोष्ट कंपनीला सांगितलेली नाही, इथे सांगतो. क्लबात एक पूल टेबलही आहे आणि रविवारी मेव्हण्याबरोबर मी ह्याच क्यूनं पूलचा ब्रेक (डावाचा पहिला फटका) फोडायचो. पूलचा बॉल 57 मिमीचा, स्नूकरचा साडेबावन्न. पूलचा जाड आणि जडही. त्याला तेरा मिमीच्या टिपेची काठी लागते. बारीक टिपेची काठी तिथं हाणणं म्हणजे सुईनं खिळा ठोकणं. मे महिन्यापासून बंद केलंय. तरी टिपा निघायच्या थांबल्या नाहीत, म्हणून दोष पावसाळी हवेवर ढकलला. स्नूकर 1875 च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये पावसाळी रिकाम्या दुपारी निघाला म्हणतात. पावसात निघालेल्या खेळाला पाऊसच कसा सोसत नाही, कुणास ठाऊक. जुलैत आमच्याकडं कापड ओलसर होऊन बॉल अर्ध्यात थांबतो, मार्कर रोज इस्त्री फिरवतो आणि बाकीचे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालचं पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीपासून किती खाली आहे ते मोबाइलवर बघत बसतात.

ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांच्या पोरीचा तंबोरा जवारीला (तारांखालची घोडी घासून सूर मोकळा करतात ते) मिरजेला न्यायचा होता, गाडीवर मागं धरून बसायला मी. क्यूची पिशवी पाठीला होतीच, संध्याकाळी क्लबात जायचं होतं. तंतुवाद्यांच्या त्या गल्लीत (2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते हेच) वाद्यं करणारे एक चाचा घोडीवर कानस चालवत होते. दोन हात, तार छेडायची, कान लावायचा, परत दोन हात. माझी पिशवी बघून म्हणाले, "ही कसली बीन?"

दाखवली. टिप नव्हतीच, पाचवी खिशात होती. चाचांनी फेरूलच्या तोंडावर पोलादी पट्टी उभी धरली आणि दाराच्या उजेडाकडं केली. एका बाजूनं केसाएवढा उजेड येत होता. "पाया तिरका आहे बेटा. वर काहीबी लाव, अर्धंच चिकटणार."

चार मार्करी हात, चार टिपा, चार-पाच मेल, आणि कुणी पट्टी लावून बघितली नव्हती. मीसुद्धा नाही. कारखान्यातनंच तिरका आला की पूलच्या ब्रेकनं झाला, ते आता कळायचं नाही. माझा संशय कारखान्यावर, मेव्हण्याचा माझ्यावर.

चाचांनी बारीक कानशीनं तोंड घासलं. तीन हात, पट्टी, उजेड. तीन हात, पट्टी, उजेड. उजेड बंद झाल्यावर टिपेची खालची बाजू काचपेपरवर खरखरीत केली, गोंद लावला, दाबून दोन मिनिटं गप्प बसले. मग मांडीवर क्यू फिरवत काठ घासून डोक्याला गोलाई दिली. जवारीचा हात, त्यामुळं घाई नाही. 150 मागितले. मी सवयीनं 100 म्हटलं. त्यांनी क्यू परत आपल्याकडं ओढली, तसे 150 दिले.

सहा आठवडे झाले, भर पावसातले. टिप हलली नाही. 34 च्या पुढं गेलेलो नाही, पण हे लाकूड खरंच चांगलं आहे हे आता रागाशिवाय म्हणता येतं. तीन तारे. चौथा कुरिअरचे 480 मागितले म्हणून कापला.

सांगली-मिरजेकडचे कुणी चाचांकडं जाणार असाल तर टिप आपली न्या, त्यांच्याकडं नसते. आणि शुक्रवारी दुपारी जाऊ नका, दुकान बंद असतं.