शिक्क्याचं पुस्तक की बिस्किटाच्या डब्यातली कार्डं?

ग्रंथालयांच्या जुन्या वस्तू जमवायच्या म्हटलं तर गोव्यात खिशाला परवडणाऱ्या वाटा दोनच. पहिली म्हणजे रद्दीत आलेली, ग्रंथालयाचा शिक्का असलेली पुस्तकं. दुसरी म्हणजे सुटा कागद: कॅटलॉग कार्डं (पुस्तकाची नोंद असलेली), डेट स्लिपा (परतीच्या तारखांच्या चिठ्ठ्या), वाचकांची तिकिटं, वर्गणीच्या पावत्या. कार्डांच्या लाकडी कपाटाचा नाद ज्याच्या घराला ओसरी आहे त्यानं करावा, फ्लॅटवाल्यांनी त्याचं नावही काढू नये. मी पहिल्या वाटेनं सातआठ वर्षं चाललो आणि आता दुसरीवर आहे. का, ते सांगतो. तुमचं मत वेगळं पडू शकतं.

आधी पुस्तकांच्या बाजूचं बोलतो, कारण ती बाजू दुबळी नाही. शिक्का वाचायला शिकलं की अर्धा इतिहास घरबसल्या कळतो. पणजीचं आपलं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ मध्ये ‘पुब्लिका लिव्ररिया’ म्हणून सुरू झालं. पुढे त्याचं नाव इतक्यांदा बदललं की नुसत्या नावावरून पुस्तक कोणत्या काळात तिथे होतं याचा अंदाज बांधता येतो. १८९७ मध्ये ते राष्ट्रीय ग्रंथालय झालं, १९२५ मध्ये वास्को द गामा संस्थेला जोडलं गेलं, आणि मुक्तीनंतर कधीतरी कृष्णदास शामांचं नाव लागलं. आज पाटोच्या नव्या इमारतीवर तेच नाव आहे. यात मला सगळ्यात आवडणारी खूण एका अक्षराची. पोर्तुगालनं १९११ मध्ये शुद्धलेखन सुधारलं आणि ‘बिब्लिओथेका’ (म्हणजे ग्रंथालय) या शब्दातला ‘टी’नंतरचा ‘एच’ गळाला. म्हणजे शिक्क्यात ‘एच’ दिसला की तो शिक्का बहुधा त्याआधी बनलेला. ‘बहुधा’ म्हणतो, कारण शिक्का झिजेपर्यंत कोण टाकतो? नवं शुद्धलेखन आल्यावरही जुनाच शिक्का उठवत बसलेला कारकून मला अगदी डोळ्यांसमोर दिसतो.

मात्र त्या काळातलं पुस्तक बाजारात समोर आलं तर हात आखडता घ्या. असल्या शिक्क्याचं पुस्तक मी एकदाच पाहिलं, तेही सासष्टीतल्या एका जुन्या घरात, आणि घरमालकानं ते माझ्या हातात दिलं नाही. बरोबरच केलं. आपल्या वाट्याला येतात ती गावोगावच्या मराठी वाचनालयांची पुस्तकं: जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का, मधे हातानं घातलेला दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाच्या वहीतला पुस्तकाचा नंबर. हा शिक्का नावाच्या पानावर असतो, शेवटच्या पानावर असतो, आणि शिवाय आतल्या एका ठरावीक पानावर, जे ग्रंथपालालाच माहीत. चोरानं पहिलं पान फाडलं तरी आतलं पान बोलतं. असं पान शोधून काढण्यात मजा असते. एका वाचनालयाची तीनचार पुस्तकं जमली की ते कोणतं पान धरतात ते कळतं.

आता ज्यानं माझा निकाल लावला तो त्रास. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतताना एका रद्दीवाल्याकडे मला एक कादंबरी मिळाली. बार्देशातल्या एका वाचनालयाची. तिन्ही शिक्के जागेवर, मागे डेट स्लिप, तिच्यावर शेवटची तारीखही ठसठशीत. नव्हता तो फक्त एक शिक्का: ‘रद्द’, म्हणजे वाचनालयानं पुस्तक आपल्या नोंदीतून काढल्याची खूण. चवथीला मावशी आली, कपाटातून नेमकी तीच काढली, स्लिप वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, “परत दिवंक ना तुवें?” रद्दीवाल्याची हकिकत सांगितली. तिला ती पटली असं मला वाटलं नाही.

म्हणून पुढच्या आठवड्यात पुस्तक घेऊन त्या वाचनालयात गेलो. काउंटरवरच्या बाई भल्या होत्या. त्यांनी दाखल क्रमांक पाहिला आणि सांगितलं की जुनी दाखल वही वाळवीनं खाल्ली, नंतर सगळे क्रमांक नव्यानं पडले. “घेतलं तर नोंद कुठे करू?” मी म्हटलं, बरं, मग निर्लेखनाचा शिक्का तरी मारून द्या. त्यावर त्या म्हणाल्या, “जे दाखलच नाही ते रद्द कसं करू, भाऊ?” या प्रश्नावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. पुस्तक पुन्हा पिशवीत गेलं. ठेवता येत नाही, देता येत नाही, आणि विकायचा तर विचारही नको.

तेव्हा घरी येऊन सगळी पुस्तकं काढून पाहिली. चाळीसेक होती, रद्दचा शिक्का सहांवर. बाकीच्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी मालक होता. काही परत घेतली गेली, काही नाही. घेताना एका ठिकाणी तर मलाच विलंब शुल्काची चौकशी झाली.

कार्डांना हा फास नाही. तालिका, म्हणजे पुस्तकांची यादी, संगणकावर गेली की कार्डं अनाथ होतात. त्यांच्या कोऱ्या पाठीवर कोणी निरोप लिहितं, कोणी चहाच्या पेल्याखाली ठेवतं. जगभरातल्या ग्रंथालयांना छापील कार्डं पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या ओसीएलसी संस्थेनं शेवटची कार्डं ऑक्टोबर २०१५ मध्ये छापली, म्हणजे तिकडेही खेळ संपला. आपल्याकडे तर कार्डं बहुतेक हातानं लिहिलेली, म्हणून मला जास्त जवळची. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचा जाड कागद, खाली मधोमध एक भोक. ड्रॉवरमधला लोखंडी गज त्या भोकातून जातो. माझ्याकडच्या बऱ्याच कार्डांचं भोक खालच्या कडेपर्यंत फाटलेलं आहे: गज काढायचा कंटाळा केलेल्या कोणीतरी कार्ड सरळ उपसलं. आणि वरची कड बघा. कादंबऱ्यांच्या कार्डांना बोटांनी काळसर तेलकट रेघ आलेली असते, शेतकीची कार्डं कोरी करकरीत. गावात काय वाचत होते ते सांगायला वेगळा अहवाल लागत नाही.

डेट स्लिपा थोड्या बेभरवशाच्या. पुस्तकाला डकवलेली स्लिप सोलून काढायच्या फंदात पडू नका, खळ सुटत नाही आणि पान जातं. सुटी मिळाली तरच घ्या. माझ्या एका स्लिपवर मे महिन्यातल्या पाच तारखा आहेत आणि मग थेट ऑक्टोबर. मधला पावसाळा बहुधा कोणाच्या तरी घरी गेला. ब्राउन पद्धतीची तिकिटं, म्हणजे वाचकाच्या नावाच्या छोट्या कागदी पिशव्या, ज्यांत पुस्तकाचं कार्ड खोवून ठेवत, मिळाली तर सोडू नका. मात्र त्यांवर लोकांची नावं-पत्ते असतात. मी ती दाखवतो, फोटो टाकत नाही.

पावसाचं फार लांबवत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि कसर कोणालाच सोडत नाही. फरक इतकाच की चाळीस पुस्तकांना सप्टेंबरात वारा दाखवायचा तर सबंध रविवार जातो, आणि पाचशे कार्डं पत्र्याच्या बिस्किटाच्या दोन डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह पडून राहतात. प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांत ठेवू नका. जांभळी शाई पाकिटाला चिकटते. कार्ड बाहेर काढलं तर शिक्का आतच राहिलेला मी पाहिलाय.

मग पुस्तकं कोणी घ्यावीत? ज्याला पोर्तुगीज काळच हवा आहे त्यानं, कारण त्या काळचं कार्ड मला तरी अजून मिळालेलं नाही. आणि ज्याला जमवलेली वस्तू वाचायचीही आहे त्यानं. कार्ड वाचून संपायला अर्धं मिनिट लागतं, हे मान्य. पाहुण्यांना दाखवलं तर ते नम्रपणे मान हलवतात आणि क्रिकेटचा विषय काढतात. पुस्तकांचंच ठरवलंत तर ‘रद्द’चा शिक्का बघितल्याशिवाय पैसे काढू नका, किंवा वाचनालयाकडून दोन ओळींचं पत्र घ्या. अगदी जुनं हस्तलिखित वा दस्तऐवज हाती आला तर आणखी सांभाळून. पंचाहत्तर वर्षांपलीकडच्या महत्त्वाच्या कागदांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, ते परदेशी पाठवता येत नाहीत.

पत्र मी आता कार्डांसाठीही घेतो. गरज नसते, पण मावशी दर चवथीला येते.

मागायला जाणार असाल तर सकाळी दहाच्या सुमाराला जा. एक वाजल्यानंतर गावातलं वाचनालय उघडं सापडलं तरी ग्रंथपाल जेवायला गेलेले असतात, आणि कार्डांचा डबा नेमका त्यांच्याच टेबलाखाली असतो.