बिल कमी करायचंय की वीज गेल्यावर पंखा हवाय?

छतावर सोलर बसवायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: बॅटरी घ्यायची का? कराडला आमच्याकडे 3 किलोवॅटचं सोलर आहे, नेट मीटरवर (दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर), बॅटरीविना. माण तालुक्यात बहिणीकडे हायब्रिड इन्व्हर्टर (ज्याला पॅनेल, बॅटरी आणि महावितरणची वीज तिन्ही जोडता येतात) आणि 5 युनिटची लिथियम बॅटरी. दोन्ही जवळून बघून माझं मत पक्कं झालंय. बिलासाठी बॅटरी घेऊ नका. वीज जाते म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या.

आधी बिल. आपल्याकडे 1 किलोवॅटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिट धरतात, म्हणजे 3 किलोवॅटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. उन्हाळ्यात जास्त, आषाढ-श्रावणात बरेच कमी. दुपारी घरात चालतो तो फ्रीज आणि एखादा पंखा. उरलेली वीज महावितरणच्या तारांत जाते, मीटर ती मोजतो आणि आपण रात्री वापरलेल्या युनिटमधून वजा होते. युनिटला युनिट. एप्रिल-मेचे शिल्लक युनिट पावसाळ्यात कामी येतात. म्हणजे साठवणीचं काम ग्रिडच, म्हणजे महावितरणचं तारांचं जाळंच करतं. तीच वीज घरच्या बॅटरीत भरली तर भरता-काढताना दहाएक टक्के वाया जाते आणि बिलात एक रुपयाही जास्त वाचत नाही. स्थिर आकार मात्र दोन्हीकडे भरावाच लागतो. मार्चअखेर उरलेल्या युनिटचे पैसे किरकोळ दराने मिळतात, म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टीम बसवू नका. महिन्याला शंभराच्या आतच युनिट पडत असतील तर 1 किलोवॅट पुरतो.

माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो. तो फोनवर सांगतो, बॅटरीशिवाय सोलर घेऊच नकोस. त्याच्यापुरतं ते बरोबर आहे. तिथे ग्रिडला दिलेल्या युनिटला विकत घेतलेल्या युनिटच्या मानाने फारच कमी पैसे मिळतात, आणि 1 जुलै 2025 पासून तिथलं सरकार घरगुती बॅटरीवर साधारण 30 टक्के सवलत देतंय. आपल्याकडे पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असे जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात. ते पॅनेलच्या क्षमतेवर. बॅटरीचा खर्च सगळा आपला.

आता दुसरी बाजू. आमचं सोलर बसून पंधरा दिवस झाले होते. सकाळी अकराला वीज गेली. गच्चीवर पाय ठेववत नव्हता इतकं ऊन, आणि खाली सगळे पंखे बंद. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ऊन तर आहे की!" आमच्यासारखा साधा ऑनग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेला बिनबॅटरीचा इन्व्हर्टर ग्रिड बंद पडलं की स्वतःही बंद होतो. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ते सक्तीचंच आहे, आणि तसंच असायला हवं. पण पैसे भरण्याआधी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

बहिणीकडे भाऊजींना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. तो साडेतीनशे वॅटच्या आसपास, पंखा-दिवा धरून 400. त्यांच्या बॅटरीतले साडेचार युनिट वापरता येतात, म्हणजे अकरा तास. वळवाच्या पावसात खांब पडला आणि रात्रभर वीज नव्हती, तेव्हा बहीण उशाशी बसून इन्व्हर्टरवरचा टक्का बघत होती. पहाटे तो 30 वर होता. त्या घरात बॅटरी किती वर्षांत वसूल होईल हे कुणी विचारत नाही, विचारूही नये. घरगुती इन्व्हर्टरची नेहमीची 12 व्होल्ट, 150 एएचची ट्युब्युलर (पाणी घालायची) बॅटरी असती तर? कागदावर 1.8 युनिट, पण निम्म्याखाली उतरवली की लवकर खराब होते. दोन तासांत संपली असती.

तासा-दोन तासांसाठीच वीज जात असेल तर मात्र तेवढ्यासाठी लिथियमचा खर्च मला पटत नाही. आम्ही जुना घरगुती इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरीच ठेवली, आणि 75 वॅटचे चार पंखे काढून 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावले. दिवे धरून लोड 150 वॅटवर आला. तेवढ्यावर पाच-सहा तास सहज निघतात. डिस्टिल्ड वॉटर घालायचं तेवढं विसरू नका. पुढे घरात आजारपण किंवा म्हातारपण दिसत असेल, तर आत्ताच हायब्रिड इन्व्हर्टर घ्या आणि बॅटरी नंतर जोडा. किंमत जास्त पडते, पण इन्व्हर्टर दुसऱ्यांदा घ्यावा लागत नाही.

फ्लॅटमध्ये गच्ची सामाईक, त्यामुळे सोसायटीच्या लिफ्ट-पंपाच्या मीटरला सोलर जोडणं सोपं. त्याला किलोवॅटला 18,000 अनुदान आहे.

काहीही निवडलंत तरी पॅनेलची जागा स्वतः बघा. डिसेंबरात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं. सकाळी नऊला आणि दुपारी चारला गच्चीवर जाऊन टाकीची सावली कुठवर येते ते खडूने आखून ठेवा, आणि त्या रेघेच्या आत एकही पॅनेल बसवू देऊ नका.