ड्रोनवरचा कॅमेरा पडू नये म्हणून: बोल्ट घ्यावा की पट्टा?

स्वतः बांधलेल्या पाच इंची एफपीव्ही ड्रोनवर (म्हणजे गॉगलमध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवतात तो; पाच इंच हे पात्याचं माप) चित्रणासाठी गोप्रो कॅमेरा चढवायची वेळ आली की दोन रस्ते समोर येतात. पहिला रस्ता बोल्टचा: फ्रेमवर थ्रीडी प्रिंटरवर छापलेला तीन बोटांचा (भोक असलेल्या चपट्या कानांचा) माउंट, त्यात कॅमेऱ्याची दोन बोटं आणि सगळ्यांतून आरपार एम-५ बोल्ट. दुसरा पट्ट्याचा: टीपीयू या रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचा छापलेला होल्डर, त्यात कॅमेरा दाबून बसवायचा आणि वरून बॅटरीला लावतो तसला पट्टा आवळायचा. मी दोन्ही वापरले आहेत, आधी दीडेक वर्ष बोल्ट आणि तेव्हापासून आजतागायत पट्टा. ओळखीतले दोघंतिघं सध्या याच विचारात आहेत, म्हणून जे पाहिलं ते सविस्तर लिहितो. फ्रेम, मोटर, पाती यांचं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

बोल्टचं चांगलं ते आधी सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. कोन हवा तसा बदलता येतो. सावकाश फिरवायचा असेल तर १५ अंश, जोरात पळवायचा तर ३०. बोल्ट ढिला करा, कॅमेरा उचला, परत आवळा. शिवाय बॅटरीचं दार मोकळं राहतं, कार्ड काढायला कॅमेरा उतरवावा लागत नाही. होल्डरमध्ये या दोन्ही सोयी नाहीत. त्याचा कोन छापतानाच ठरलेला असतो, दुसरा हवा तर दुसरा होल्डर छापा. कॅमेऱ्याची बॅटरी बदलायची तर पट्टा सोडून कॅमेरा बाहेर काढावा लागतो. दिवसभरात सात-आठ उड्डाणं करणाऱ्याला हे जाचतं. मलाही जाचतं.

तरीही बोल्ट सोडला, त्याला कारण झालं कॅमेऱ्याचं नाक खाली जाणं.

२५ अंशांवर लावलेला कॅमेरा उतरल्यावर बघावा तर २० वर. अजून दोन उड्डाणं झाली की त्याहून खाली. घरी येऊन चित्रण लावलं की निम्म्या पडद्यावर जमीन आणि कोपऱ्यात पाती. मला वाटलं नट फिरतोय, म्हणून साधा काढून नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न फिरणारा नट) घातला. तरी नाक खालीच. मग नटावरून बोल्टवर मार्करने एक सरळ रेघ ओढली आणि प्रत्येक वेळी उतरल्यावर ती बघायला लागलो. चार उड्डाणांनंतरही रेघ जुळलेली होती, कॅमेरा मात्र झुकलेला. नट केसभरही फिरला नव्हता. ढिलं पडत होतं ते माउंटचं प्लास्टिक. टीपीयू मऊ असतं. सतत दाबाखाली ठेवलं की ते हळूहळू बसत जातं, आणि ते बसलं की बोल्टची पकड आपोआप कमी होते. नायलॉक नट फिरणं थांबवतो, थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांना लावायचा चिकट द्रव, तोही तेवढंच करतो. प्लास्टिकचं बसणं यांतल्या कशानेच थांबत नाही.

थ्रेडलॉकरचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो: निळा, मध्यम ताकदीचा द्रव मोटरच्या स्क्रूंना उत्तम, कारण तिथे धातूला धातू लागतो. कॅमेऱ्याच्या आसपास तो नकोच. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या प्लास्टिकना त्याने तडे जाऊ शकतात, आणि ते लागलीच दिसतात असंही नाही.

तर नाक खाली गेलं की मी बोल्ट आणखी आवळत असे. दर वेळी थोडा थोडा. माउंटच्या बोटांच्या मुळाशी एक बारीक आडवी रेघ दिसायला लागली होती, ती मी छपाईचीच समजलो.

नोव्हेंबरात भोरजवळ बहिणीच्या शेतावर गेलो होतो. पुण्यात लोहगावचा हवाई तळ, खडकवासल्याची एनडीए आणि संरक्षण खात्याच्या इतर जागा यांमुळे मोकळेपणाने उडवण्यासारखी जागा शहरालगत फारशी उरत नाही, म्हणून नकाशा बघून तिकडे जातो. भाताची कापणी आटोपली होती. मी गॉगल लावलेला, भाचा शेजारी उभा राहून आकाशात लक्ष ठेवून होता. ४० मीटरच्या आसपास एक जोरकस वळण घेतलं आणि ड्रोन एकदम वर उसळला. थ्रॉटल मी हलवलाही नव्हता. गॉगलमधलं चित्र नेहमीसारखंच, कारण तो कॅमेरा वेगळा. काही उमगायच्या आत भाचा ओरडला, "मामा, काहीतरी पडलं!" ८०० ग्रॅमच्या ड्रोनवरून दीडशे ग्रॅम वजन अचानक गेलं की तो असाच उसळतो.

कॅमेरा खाचरात धसकटांमध्ये सापडला. बोल्ट त्याच्या बोटांत जसाच्या तसा होता. नायलॉक जागेवर, मार्करची रेघ जुळलेली. बोल्टवर माउंटच्या तिन्ही बोटांचे तुकडे अडकून राहिले होते आणि तुटलेल्या कडेला टीपीयूचे थर पानांसारखे सुटे दिसत होते. माउंट उभा छापलेला होता. थर आडवे आले आणि बोटं थराथरांतून उकलली. आवळून आवळून ती फट मीच मोठी केली होती.

जिथे तो पडला तिथून ५० फुटांवर ताई आणि दोघी जणी पेंढ्या बांधत होत्या. ४० मीटरवरून सुटलेली वस्तू, हवेचा विरोध सोडून दिला तर, ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर येते. ताईने काही न बोलता कॅमेरा उचलून माझ्या हातात दिला. त्या दिवशी मी पुन्हा उडवलं नाही.

पुढच्याच आठवड्यात टीपीयूचा होल्डर छापून घेतला, या वेळी आडवा, म्हणजे ओढ थरांच्या लांबीच्या दिशेने यावी. होल्डर कॅमेऱ्याला पाच बाजूंनी कवेत घेतो. कुठल्या एका जागी ताण येत नाही, आवळायला बोल्ट नाही, त्यामुळे नाक खाली जायचा प्रश्नच मिटला. कॅमेरा बसवताना अंगठ्याने जोर लावावा लागला तर माप बरोबर समजा. सहज सरकत आत गेला तर तो होल्डर बाजूला ठेवा, कारण कॅमेरा आत हलत असेल तर नंतर जायरोच्या (कॅमेऱ्याची हालचाल मोजणाऱ्या सेन्सरच्या) मदतीने स्थिर केलेलं चित्रण विचित्र थरथरतं. घट्ट होल्डरमधलं आणि बोल्टवरचं चित्रण मी शेजारीशेजारी लावून पाहिलं; माझ्या डोळ्यांना फरक जाणवला नाही. तुमची नजर अधिक तयार असेल तर जाणवेलही.

पट्टा आतून रबर लावलेला घ्यावा आणि तो वरच्या प्लेटच्या खाचांतून ओवून होल्डरवरून फिरवावा. होल्डरच्या वरून नुसता गुंडाळून उपयोग नाही. कार्बन फायबरच्या प्लेटची कड सुरीसारखी असते, पट्ट्याची वीण तिथेच उसवायला लागते. बारीक पॉलिश पेपरने ती कड मोडून घ्या. हे घासताना मास्क लावा आणि कागद ओला ठेवा, ती धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही.

पट्टाही काही निर्दोष नाही, आणि त्याची खोड आपल्याकडच्या माळरानावर जास्त दिसते. पावसाळा संपून गवत वाळलं की कुसळं. ड्रोन गवतात उतरवला की ती पट्ट्याच्या वेलक्रोत शिरतात. वरवर पट्टा चिकटलेला वाटतो, पण आकड्यांच्या मधे कुसळं बसल्यामुळे पकड निम्मीही नसते. हा धडा मला फेब्रुवारीत मिळाला. हवेतच पट्टा सुटला, फडफडायला लागला आणि कॅमेरा होल्डरमधून निसटला. पण या वेळी खाली पडला नाही. एव्हाना मी कॅमेरा फ्रेमला एका दोरीनेही बांधायला लागलो होतो; त्या दोरीला लोंबकळत राहिला, मी थ्रॉटल उतरवला आणि ड्रोन जवळच उतरवून घेतला. तेव्हापासून पिशवीत जुना टूथब्रश आणि दाभण असतं. उड्डाणाआधी पट्टा उघडायचा, ब्रश फिरवायचा, रुतून बसलेली कुसळं दाभणाने उकरायची.

बॅटरी बदलायला दर वेळी पट्टा सोडावा लागतो ही कटकट मी वर सांगितली. पण त्यामुळेच पट्टा, होल्डर, दोरी सगळं प्रत्येक उड्डाणाआधी हाताखालून जातं. बोल्टवरचा कॅमेरा दोन-दोन महिने न उतरवता चालतो, आणि माझ्या माउंटची फट त्याच दोन महिन्यांत वाढत गेली.

आता दोरीबद्दल, कारण बोल्ट निवडा वा पट्टा, ती दोन्हीकडे लागते.

मी वापरतो ती दीड मिलीमीटरची विणलेली नायलॉनची दोरी, रविवार पेठेत बोहरी आळीत मिळते, खर्च अगदी किरकोळ. नायलॉन थोडं ताणलं जातं, म्हणून झटका अंगावर घेतं. मासेमारीची एकपदरी तार आधी वापरून पाहिली. ती गुळगुळीत असते, गाठ सरकते आणि एखादी बारीक चीर पडली की तिथूनच तुटते. पोलादी तार मला पटली नाही. ती उघड्या सोल्डरवर टेकली तर शॉर्ट, पात्यात गेली तर मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) दोन्ही जायची भीती.

दोरी कुठून कुठे बांधायची हे सगळ्यांत महत्त्वाचं. एक टोक कॅमेऱ्यालाच हवं, होल्डरला किंवा माउंटला नको. माझ्या भोरच्या प्रसंगात माउंटला बांधलेली दोरी माउंटच्या तुकड्यासकट खाली आली असती. गोप्रोच्या तळाशी दुमडणारी बोटं असतात. त्यांतल्या एकात मी सरफास अडकवतो आणि बोटं परत दुमडतो. दोरी जायला होल्डरच्या तळाशी छोटी खाच कापली आहे. दुसरं टोक फ्रेमच्या दोन प्लेटांमधल्या ॲल्युमिनियमच्या स्टँडऑफला, म्हणजे खांबाला. त्यामुळे होल्डर, पट्टा, त्याचा वेलक्रो यांतलं काहीही गेलं तरी दोरीचा मार्ग त्यातून जातच नाही. गाठ मारून टोक काडीने वितळवायचं आणि प्लेटच्या कडेवरून जाते तिथे हीटश्रिंकचा (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळीचा) तुकडा चढवायचा.

लांबी मापून सांगण्यापेक्षा करून बघा. ड्रोनची बॅटरी काढून ठेवा, कॅमेरा होल्डरबाहेर काढा आणि दोरी ताणून तो सगळ्या दिशांना फिरवा. पाच इंची पात्याचा घेर मोटरच्या मध्यापासून साडेसहा सेंटीमीटरच्या थोडा आतच संपतो. कॅमेऱ्याचा कोपराही त्या घेरात पोचता कामा नये. मग ड्रोन गादीवर उलटा धरून चार-पाच सणसणीत झटके द्या. माझी चाचणी एवढीच आहे, आणि तिने मला आजवर दगा दिलेला नाही.

लग्नाच्या शूटिंगसाठी अजून डीजेआयचा जुना फँटम ड्रोन वापरणारे काही जण आहेत. तिथला गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा) रबरी गोळ्यांवर टांगलेला असतो आणि जुनं झालं की ते रबर कडक होऊन चिरतं. त्या गोळ्यांतून जाणाऱ्या अँटी-ड्रॉप पिना जागेवर आहेत ना हे आधी बघा. रबर बदलताना त्या परत घालायच्या राहून जातात. दोरी बांधलीत तर सैल ठेवा. ताणली तर मोटरची थरथर रबराला वळसा घालून थेट कॅमेऱ्यात जाते आणि चित्र जेलीसारखं हलतं. खाली मांडवभर माणसं असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दुहेरी टेप, फेविक्विक, नुसते झिप टाय यांच्या वाटेला जाऊ नका. आणि होल्डर पीएलए या छपाईच्या नेहमीच्या कडक प्लास्टिकमध्ये छापून घेऊ नका; ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं.

नवीन बांधणी करत असाल आणि खिशाला परवडत असेल तर तिसराही विचार करून बघा: गॉगलला चित्र पाठवता पाठवता स्वतःच ४के चित्रण करणारी डिजिटल प्रणाली. डीजेआयच्या ओ३ एअर युनिटचं वजन कॅमेऱ्यासकट ३६ ग्रॅमच्या आसपास आहे आणि त्याचा कॅमेरा फ्रेमच्या आत बसतो. वर दुसरा कॅमेराच नसला तर पडणार काय? पण चित्राचा दर्जा म्हणाल तर माझ्या मते अजूनही गोप्रोच सरस, म्हणून मी तो सोडलेला नाही.

कोन सारखा बदलावा लागत असेल, कॅमेरा वारंवार काढणं जमणार नसेल, तर बोल्ट घ्यायला हरकत नाही. फक्त माउंट आडवा छापून घ्या आणि दर दहा-बारा उड्डाणांनी बदलून टाका, दिसायला चांगला असला तरी. नाक खाली गेलं की आणखी आवळू नका. माउंट उतरवून बोटं दोन्ही बाजूंना वाकवा आणि मुळाशी फट उघडते का ते उजेडात धरून बघा. माझा तुटलेला माउंट अजून टेबलाच्या खणात आहे, नवीन कोणी विचारायला आलं की आधी तो हातात देतो. ती फट फोटोत दिसत नाही, बोटाने वाकवल्यावरच कळते.